प्रश्न आधी ठरवा, मग मतं मागा

प्रति,
ओटाव्याच्या ‘हाउस ऑफ कॉमन्स’चे आणि क्वेबेकच्या ‘नॅशनल असेंब्ली’चे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

क्वेबेकने कॅनडातून वेगळं व्हायचं की नाही, या तुमच्या जुन्या भांडणाबद्दल हे पत्र. मराठीत आहे म्हणून दचकू नका. फ्रेंचमध्ये लिहिलं असतं तर ओटाव्यातल्या निम्म्यांनी ‘ही त्यांच्यातली’ म्हणून बाजूला ठेवलं असतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर क्वेबेक सिटीत कुणीतरी म्हणालं असतं, बघा, तीस वर्षं राहून बाईंना अजून फ्रेंच येत नाही. मराठीत लिहिलं की दोघांनाही सारखंच कळत नाही. शिवाय तुमच्या सरकारी भाषेत मी ‘ॲलोफोन’ आहे, म्हणजे जिची मायबोली फ्रेंच नाही, इंग्रजी नाही आणि इथल्या मूळ रहिवाशांचीही नाही अशी. नाव दिलंच आहेत, तर एकदा त्याला जागते.

मी मूळची बेळगावची. लग्न होऊन १९९५ च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलला आले. पार्क एक्स्टेन्शनमध्ये तिमजली घर, वर जायला बाहेरच्या बाहेर लोखंडी जिना. त्या जिन्यावर बर्फ साठला की एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने साडी धरून उतरायची कसरत. पहिल्याच आठवड्यात चौकाचौकातली लाल अष्टकोनी पाटी दिसली. अक्षरं लावून वाचली आणि नवऱ्याला उच्चार विचारला. म्हणाला, ‘आरे’. थांबा असा अर्थ. फ्रान्समध्येसुद्धा या पाटीवर ‘स्टॉप’ लिहितात, पण क्वेबेकमध्ये ‘आरे’. मला हसूच आलं. बाईमाणसाला ‘अगं’ म्हणायचं सोडून दर चौकात ‘आरे’ म्हणून हटकणारं गाव!

पण पाटी म्हणजे काय असते ते बेळगावकराला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पाटीवरची अक्षरं कुठल्या भाषेत यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. १ नोव्हेंबरला शेजारच्या घरी राज्योत्सव आणि आमच्या घरी काळा दिवस. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा चालू असतानाच वडील गेले. तेव्हा राज्यघटनेतल्या एखाद्या ओळीमुळे माणसाच्या घरातलं वातावरण कसं बदलतं, हे मी जरा आतून सांगू शकते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या मादाम राहायच्या. मला ‘मा बेल’ म्हणायच्या, म्हणजे ‘माझी सुंदरी’, आणि डाळीला फोडणी दिली की खिडकी उघडून खोकायच्या. पण मला फ्रेंच शिकवलं ते त्यांनी. वर्गात शिकलेलं फ्रेंच पॅरिसचं होतं. दुकानात, बसमध्ये, घरमालकाशी बोलायचं फ्रेंच मादामच्या स्वयंपाकघरात मिळालं. तरुणपणी त्या डाउनटाउनमधल्या एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायच्या. गिऱ्हाईक फ्रेंच, विकणारी फ्रेंच, आणि दोघींनी बोलायचं इंग्रजीत, कारण मुकादम जवळून फिरत असायचा. आपल्याच गावात आपल्याच बाईशी परक्या भाषेत हातमोज्यांचा भाव सांगायचा, हे सांगताना त्यांचा आवाज चाळीस वर्षांनंतरही चढायचा. ही काही एका म्हातारीची कुरकुर नव्हे. १९६३ साली ओटाव्यानेच नेमलेल्या द्विभाषा आयोगाला आढळलं, की १९६१ साली क्वेबेकमध्ये फ्रेंच वंशाच्या पुरुषांची कमाई चौदा वांशिक गटांत बाराव्या क्रमांकावर होती. त्यांच्या खाली फक्त इटालियन आणि आदिवासी. प्रांतात ऐंशी टक्के तेच, आणि कमाईत तळाला तेच.

म्हणून प्रांतात फ्रेंचला पहिलं स्थान देणारा १९७७ चा ‘कायदा १०१’ मला कधी जुलूम वाटला नाही. काच मात्र भरपूर झाला. माझी मुलगी १९९८ ची. तिला इंग्रजी शाळेत घालायचं तर आईबापांपैकी एकाचं प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीतून झालेलं हवं. मी बेळगावात मराठी शाळेत शिकलेली, नवरा पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये. तो खिडकीवरच्या बाईंना सांगत होता, अहो मी पहिलीपासून इंग्रजीच शिकलोय. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘पण कॅनडात नाही.’ मुलगी फ्रेंच शाळेत गेली आणि आज तिला स्वप्नं फ्रेंचमध्ये पडतात. आजीशी फोनवर मराठी बोलताना मध्येच ‘वॉयाँ’ म्हणते. आजी विचारते, वाया काय गेलं गं?

तर मुद्द्यावर येते.

२०२६ च्या ऑक्टोबरात क्वेबेकची निवडणूक ठरलेली आहे. सत्ता आल्यास पहिल्याच कारकिर्दीत कॅनडातून वेगळं होण्यावर तिसरं सार्वमत घेऊ, असं वेगळं होऊ पाहणाऱ्या पार्ती क्वेबेक्वा पक्षाने जाहीर केलेलं आहे (आधीची दोन १९८० आणि १९९५ ची). होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण माझी विनंती त्यासंबंधी आहे: मतं मागण्याआधी तुम्ही दोघांनी एकत्र बसून प्रश्न ठरवा, जिंकायला किती टक्के लागतील तो आकडा ठरवा आणि त्यावर दोघांची सही घ्या. आज, कुणाच्याच डोक्यात ढोल वाजत नसताना.

३० ऑक्टोबर १९९५ ची रात्र मी पाहिलेली आहे. मला मत नव्हतं, येऊन आठच महिने झालेले. तीन दिवस आधी डाउनटाउनमध्ये देशभरातून विमानाने, बसने माणसं आली होती, ‘आमचं तुमच्यावर प्रेम आहे’ सांगायला. मादाम म्हणाल्या, ‘बायको बॅग भरून दारात उभी राहिली की नवऱ्यालाही प्रेम आठवतं.’ त्या ‘वी’वाल्या, म्हणजे होकाराच्या बाजूच्या. त्यांच्या खिडकीत पोस्टर होतं, त्यात ‘वी’च्या रोमन स्पेलिंगमधल्या ‘ओ’च्या जागी डेझीचं फूल. रात्री त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. सुरुवातीला ‘वी’ पुढे. टीव्हीवर एक पट्टी पन्नासच्या आसपास थरथरत होती, आणि मॉन्ट्रियलची मतं येऊ लागली तशी ती इकडे सरकली. शेवट ‘नों’, म्हणजे नकार, ५०.५८ आणि ‘वी’ ४९.४२. जवळजवळ ९३.५ टक्के मतदान, फरक ५४,२८८ मतांचा. मादाम ॲप्रनला डोळे पुसत होत्या. तेवढ्यात प्रीमियर, म्हणजे क्वेबेकचे मुख्यमंत्री, जॅक पारिझो मंचावर आले आणि म्हणाले, आपण हरलो ते पैशामुळे आणि ‘एथ्निक’, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, मतांमुळे. मादामनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही मत दिलेलंच नव्हतं, तरी मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. मग त्या उठल्या आणि टीव्ही बंद केला. ‘हा माणूस मूर्ख आहे,’ एवढंच म्हणाल्या आणि आमच्यापुढे केकची बशी सरकवली.

आता त्या रात्रीचा हिशेब बघा. बाद मतं होती ८६,५०१, म्हणजे जिंकण्या-हरण्यातल्या फरकापेक्षा जास्त. लाव्हालच्या शोमेदे मतदारसंघात जवळजवळ नऊ मतांमागे एक बाद. फुली वाकडी, फुली जाड, अशी भांडणं पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालली. आणि लोकांना विचारलं काय होतं? क्वेबेकने सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का, पण कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव ठेवल्यानंतर, क्वेबेकच्या भवितव्यासंबंधीच्या विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ रोजी सही झालेल्या कराराच्या चौकटीत. मतपत्रिका हातात घेऊन १२ जूनचा करार आठवणारी माणसं पार्क एक्स्टेन्शनमध्ये तरी मला भेटली नाहीत. १९८० चा प्रश्न तर याहून लांब होता, शंभराहून अधिक शब्दांचा, आणि त्यात फक्त बोलणी करायचा अधिकार मागितला होता. वेगळं व्हायचं म्हणावं तर राहायचंही, राहायचं म्हणावं तर वेगळंही. अशा प्रश्नाला होकार देणाऱ्याने नेमका कशाला होकार दिला, हे दुसऱ्या दिवशी कोण सांगणार?

ओटाव्याच्या मंडळींनो, एवढ्यात खूश होऊ नका. २० ऑगस्ट १९९८ ला तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठा शहाणा निकाल दिला. क्वेबेकला एकतर्फी फुटून निघता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्या कॅनडाला बोलणी करावीच लागतील. दोन्ही बाजूंनी आपापलं अर्धं वाक्य उचललं आणि जिंकलो म्हणून सांगितलं. ‘स्पष्ट’ म्हणजे किती, ते न्यायालयाने राजकारण्यांवर सोडलं. तुम्ही काय केलंत? २००० साली ‘स्पष्टता कायदा’ केलात. प्रश्न स्पष्ट आहे की नाही हे ओटावा ठरवणार, तेही क्वेबेकने तो मांडल्यावर. बहुमत पुरेसं आहे की नाही हेही ओटावाच ठरवणार, तेही मतमोजणी झाल्यावर. आकडा कुठेच लिहिलेला नाही. स्पष्टतेच्या कायद्यात तेवढीच गोष्ट अस्पष्ट! क्वेबेकने त्याच वर्षी आपला कायदा केला: अर्ध्यावर एक मत मिळालं की झालं. २०२१ मध्ये क्वेबेकच्या अपील न्यायालयाने तोही वैध ठरवला. म्हणजे एकाच देशात दोन कायदे जिवंत आहेत. एक म्हणतो ५० अधिक एक पुरे, दुसरा म्हणतो आधी मोजा, मग बघू. गल्लीतली पोरंसुद्धा क्रिकेट खेळताना कुठे टप्पा पडला तर चार आणि कुणाच्या गच्चीवर गेला तर आउट, हे खेळाआधी ठरवतात.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. त्यासाठी आधी संसदेने कायदा केला. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. निरक्षर बाईलाही कळेल असं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी. सत्तेवर बसून कौल घेतला तर लोक शंका घेतील, या आक्षेपावर त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. दोन पानं जिंकली. आणि पुढच्याच निवडणुकीत लोकांनी त्याच भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं! आमच्या नात्यातले एक काका फुलाचे कट्टर प्रचारक. मरेपर्यंत त्यांना तो निकाल पटला नाही. पण प्रश्न फसवा होता किंवा मोजणीचा नियम मागून बदलला, असं एकदाही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ते शिव्या घालायचे त्या स्वतःच्या बाजूच्या आळसाला. भाषेचं भांडण तिथे पुढेही चाललं, कोकणी १९८७ मध्ये राजभाषा झाली, त्यावरूनही काकांचं रक्त तापायचं. कौल मात्र मिटला. (आणि गंमत बघा, तिकडे फूल एक होण्याचं, मादामच्या खिडकीतलं फूल वेगळं होण्याचं.)

इतक्या लांब जायचं नसेल तर स्कॉटलंड बघा. २०१२ मध्ये लंडन आणि एडिंबरोने वेगळं होण्याच्या सार्वमताचा करार केला, २०१४ मध्ये इंग्रजीत सहा शब्दांचा प्रश्न विचारला. माँटेनेग्रोत २००६ साली वेगळं व्हायला ५५ टक्क्यांची अट आधीच मान्य झाली होती. होकार आला ५५.५. जेमतेम गाठला, पण गाठला की नाही यावर वाद उरला नाही.

क्वेबेकवाले म्हणतील, आमचं भवितव्य ठरवायला ओटाव्याची सही कशाला? त्यांचा हा राग कुठून येतो ते मला समजतं. ४ नोव्हेंबर १९८१ च्या रात्री ओटाव्यात केंद्राचे मंत्री ज्याँ क्रेतियाँ आणि दोन प्रांतांच्या मंत्र्यांनी एका स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नव्या राज्यघटनेची तडजोड लिहिली. रात्रीतून बाकीचे प्रांत राजी झाले. क्वेबेकचे तेव्हाचे प्रीमियर रेने लेव्हेक नदीपलीकडे हलमधल्या हॉटेलात झोपले होते. सकाळी नाश्त्याला आले तेव्हा राज्यघटना ठरून गेलेली. पंतप्रधान पिएर ट्रुडोंच्या सार्वमताच्या सूचनेला होकार देऊन लेव्हेक यांनीच त्याच दिवशी ट्रुडोंविरुद्धची आठ प्रांतांची फळी सैल केली होती, असं इंग्रजी बाजू सांगते, आणि ते खोटं नाही. पण भाऊबंदकीत वाटणीचा कागद एका भावाला झोपेत ठेवून केला, तर तो कागद कितीही न्याय्य असो, पुढच्या पिढीला सांगितली जाते ती झोपेची गोष्ट. १७ एप्रिल १९८२ ला राणी एलिझाबेथने भर पावसात सही केली. त्या घोषणापत्रावर थेंबांचे डाग अजून आहेत. क्वेबेकच्या सरकारची संमती त्या घटनेला आजतागायत नाही, एकसंध कॅनडा मानणाऱ्या सरकारांचीसुद्धा नाही. ती संमती मिळवायला केलेला मीच लेक करार १९९० मध्ये मोडला, शार्लटटाउनचा १९९२ मध्ये लोकांनीच नाकारला, आणि तेव्हापासून घटनेचं नाव काढलं की तुम्ही दोघंही कढईला हात लागल्यासारखे मागे होता.

मग भांडण मागच्या दाराने येतं. घटनेच्या ३३ व्या कलमाने विधिमंडळाला मूलभूत हक्कांपैकी काही पाच-पाच वर्षांसाठी बाजूला ठेवता येतात. १९८८ मध्ये इंग्रजी पाट्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा क्वेबेकचे प्रीमियर रोबेर बुरासांनी हेच कलम वापरलं. शिक्षक-पोलिसांना कामावर धर्मचिन्हं घालू न देणाऱ्या २०१९ च्या कायद्यात तेच, २०२२ च्या भाषा कायद्यातही तेच. माझी मामेबहीण २०२३ मध्ये आली. सहा महिने उलटल्यावर, या भाषा कायद्यातली मुदत संपली म्हणून, एका कचेरीचं पत्र फक्त फ्रेंचमध्ये आलं. ते घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मला एकदम बेळगाव आठवलं, कानडीतला सातबारा घेऊन शेजारच्या मास्तरांकडे जाणारे माझे वडील. मास्तर कानडी होते आणि दरवेळी चहा पाजून वाचून दाखवायचे. मी बहिणीला चहा दिला, पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, फ्रेंच शिक, दुसरा इलाज नाही. १९७१ मध्ये कॅनडात पहिली अधिकृत भाषा फ्रेंच असलेले २७.२ टक्के होते, २०२१ मध्ये २१.४ राहिले. इंग्रजीच्या समुद्रात त्यांची भीती खरी आहे. पण सहाच महिने? मला ‘नू’ आणि ‘व्हू’ (‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’) नीट म्हणायला वर्ष लागलं होतं.

आणि तुमच्या दोघांच्या भांडणात तिसऱ्याची जमीन आहे, हे विसरू नका. १९९५ मध्ये सार्वमताच्या काही दिवस आधी उत्तरेतल्या क्री या मूळ रहिवाशांनी स्वतःचं मतदान घेतलं आणि ९६ टक्क्यांनी सांगितलं, आम्हाला क्वेबेकबरोबर कॅनडातून बाहेर जायचं नाही. तो उत्तरेचा मुलूख क्वेबेकला १८९८ आणि १९१२ मध्ये ओटाव्याने जोडून दिला, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीच लेक अडवला तोही मॅनिटोबाच्या विधानसभेत गरुडाचं पीस हातात धरून बसलेल्या एलायजा हार्परने, कारण त्या करारात मूळ रहिवाशांना स्थानच नव्हतं. म्हणून करार करायला बसाल तेव्हा खुर्च्या दोन मांडू नका. आणि प्रश्न छापाल तो क्री आणि इनुक्टिटुट या तिथल्या भाषांतही छापा.

आकड्याबद्दल माझं मत विचाराल तर ५० अधिक एक. मी ‘नों’ला मत देणारी आहे, तरी सांगते. ५०.५८ टक्क्यांवर तुम्ही देश राखलात. इतक्याशा फरकाने राखलेला देश खरा नव्हे, असं ओटाव्यात तेव्हा कुणी म्हणालं नाही. मोडणं आणि राखणं सारखं नसतं, मोडलेलं परत सांधत नाही, हा युक्तिवाद मला माहीत आहे आणि त्यात दम आहे. तेव्हा ५५ वर दोघांचं एकमत झालं तर ५५ घ्या. पण मतमोजणीनंतर आकडा शोधू नका. आणि क्वेबेकच्या सदस्यांनो, प्रश्नात ‘भागीदारी’, ‘प्रस्ताव’, ‘चौकट’ असलं काही नको. वेगळा देश हवा का? एवढंच विचारा. ज्याला हवाय तो हो म्हणेल. म्हणत नसेल तर त्याला नकोय.

मला घाई का, तर घरातच प्रकरण आहे. मागच्या २४ जूनला, सँ-ज्याँच्या, म्हणजे क्वेबेकच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, मुलगी गालावर निळं-पांढरं रंगवून आली आणि जेवताना म्हणाली, पुढच्या वेळी मी बहुतेक ‘वी’ देईन. नवऱ्याचा घास हातातच राहिला. पारिझोंनी ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्या ‘एथ्निक’ मतांतलं हे एक. मी तिला म्हटलं, तुझं मत तुझं, माझं माझं. पण आम्हा दोघींच्या हातातल्या कागदावरच्या प्रश्नाचा अर्थ एकच असावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना कोण जिंकलं हे तिला आणि मला सारखंच ठाऊक असावं. एवढी सोय तुम्ही करू शकता.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पार्क एक्स्टेन्शनमधली एक मतदार

ता. क. : पत्राचं भाषांतर मुलगी करतेय. आधी फ्रेंच करणार म्हणते. इंग्रजीचं मी बघते.